कुशाबाकडचं काम

गोरेगाव, ३ फेब्रुवारी २०२५

मावशी,

तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तर "कागदावर लिही, म्हणजे तुझं व्याकरण तरी कळेल" म्हणतेस. म्हणून हे पत्र.

माझं नवं काम तुला माहीत आहे. आमची संस्था यंदापासून मराठी चित्रपटांना 'ठसा' देणार आहे. दिग्दर्शन, लेखन, छायांकन, संकलन, संगीत, कलादिग्दर्शन, वेशभूषा ही सात खाती. त्यातली निदान चार खाती बाईने सांभाळली असतील, तर चित्रपट सुरू व्हायच्या आधी पडद्यावर पाच सेकंद आमचं चिन्ह येईल. बायका या धंद्यात किती काम करतात हे लोकांना दिसावं, एवढाच हेतू.

'तिसरा उतार' नावाचा एक चित्रपट ठशासाठी आमच्याकडे आलाय. पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला चित्रित झालाय. जुन्या काळी डोक्यावर ओझी घेऊन घाट उतरणाऱ्या बायकांची गोष्ट. दिग्दर्शक अंकिता नावाची मुलगी आहे. लेखन आणि संकलनही बायकांचंच. म्हणजे तीन झाली. चौथं खातं वेशभूषेचं, आणि तिथे नाव आहे 'कुशाबा, वरचा कोंड'. अंकिता म्हणते, कपड्यांचं सगळं काम कोंडातल्या, म्हणजे त्या वाडीतल्या, बायकांनी केलं, नाव कुशाबाचं कसं लागलं तिलाही कळत नाही. तिचा सहायक रितेश नाव लिहून घेऊन आला होता.

तू महाडला आहेस. पोलादपूर तुझ्यापासून अर्ध्या तासावर. एकदा वर जाऊन विचारशील का, काम कोणी केलं? मला १५ एप्रिलपर्यंत नाव हवंय. फक्त विचारायचं आहे, मावशी.

अनुपमा


महाड, ९ फेब्रुवारी

अनुपमा,

तुझं पत्र वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तरी तेच होतं.

तीन खाती बायकांची असतील तर ठसा नाही, चार असतील तर आहे. म्हणजे तीन बायकांचं काम आणि शून्य बायकांचं काम तुमच्या लेखी सारखंच. एकतीस वर्षं मी शाळेत शिकवलं. हे गणित कुणी पाटीवर मांडलं असतं तर मी पाटी पुसायला लावली असती. आणि पाच सेकंद. पाच सेकंदांत माणूस अंधारात खुर्ची शोधतो आणि शेजारच्याचा पाय तुडवतो. तेवढ्या वेळात तुम्ही त्याला स्त्रियांचं योगदान दाखवणार.

बाजारात आंब्याच्या पेटीवर लेबल असतं. आंबा आंबट निघाला तर लेबल चाटायचं का? तुम्ही शहरातल्या शिकलेल्या मुली गार खोलीत बसून चिन्हं काढता, रंग ठरवता, त्यावर चर्चासत्रं घेता, आणि शेवटी हाती लागतो एक चिकटवायचा कागद. आमच्या पिढीने मोर्चे काढले. तुमच्या पिढीने स्टिकर काढले.

तरी तुझ्यासाठी पोलादपूरच्या स्टँडपर्यंत गेले. वर चढायला गुडघा तयार नव्हता. कोंडाची जीप चालवणारा सयाजी भेटला. त्याला विचारलं, सिनेमाच्या लुगड्यांचं काम कुठे झालं? तो म्हणाला, "कुशाबाकडं झालं की, बाई. बायका रोज तिकडंच जायच्या. दहा-अकरा जणी तरी व्हत्या." मी विचारलं, कुशाबा काय करतो? तो हसला. म्हणाला, "कुशाबा काय करनार. नाव त्याचं."

आता आणखी काय विचारायचं? बायका राबल्या, नाव त्याचं. जीपवाल्यालाही माहीत आहे आणि तोही हसतो. असे कुशाबा मी आयुष्यभर पाहिले. हे पतपेढीत असतात, दूध संघात असतात, देवळाच्या कमिटीत असतात. बायकोच्या घामावर यांची सही असते.

आठ मार्चला पोलादपूरला माझं भाषण आहे. विषय शोधत होते. तो तू पाठवलास.

प्रियदर्शिनी मावशी


गोरेगाव, १८ फेब्रुवारी

मावशी,

कृपा करून भाषणात हे घेऊ नकोस. मी चौकशी करायला सांगितली होती. तू स्टँडवर उभी राहून निकाल दिलास.

अंकिताशी नीट बोलले. काय झालं ते ऐक. मुंबईहून वेशभूषाकार गेला होता, सोबत चाळीस नवी लुगडी. ती जुनी दिसावीत म्हणून त्याने चहाच्या पाण्यात बुडवली, पॉलिश पेपरने घासली, कात्रीने इथे तिथे फाडली. बघायला आलेल्यांत एक म्हातारी बाई होती, राहीबाई. ती हसत सुटली. म्हणाली, "लुगडं फाटतं कुठं ते तुला म्हाईत नाय. तुझ्या बायका काय भिंतीवर घसरल्या?" मग तिने दाखवलं. घागर कमरेवर घेणारीचं लुगडं डाव्या बाजूला विरतं. भारा वाहणारीचा पदर मानेपाशी जातो. भाताची लावणी करणारीचं गुडघ्याखाली चिखलाने कुजतं. मागे कोयता खोवणारीच्या कमरेला एक उभी चीर असते. चाळीस बायकांची चाळीस कामं, म्हणून चाळीस तऱ्हांची झीज.

वेशभूषाकार तिसऱ्या दिवशी निघून गेला. जाताना सांगून गेला की असल्या चिंध्यांना माझं नाव लावू नका. मग अकरा बायकांनी तेरा दिवसांत चाळीसही लुगडी केली. भातखाचरात पुरली, राखेच्या पाण्यात उकळली, चुलीवर धुरात टांगली, वेगवेगळ्या दोऱ्यांनी ठिगळं लावली. पडद्यावर बघताना मला प्रत्येक बाई काय काम करते ते ती बोलायच्या आधी कळत होतं.

म्हणून मला ते नाव हवंय. त्या राहीबाईला भेट. माईक घरी ठेवून जा.

अनुपमा


महाड, ९ मार्च

अनुपमा,

तुझं पत्र वेळेवर मिळालं. तरीही बोलले. सत्य कळल्यावर गप्प बसणं मला कुणी शिकवलं नाही, आणि या वयात शिकायची इच्छा नाही.

सभागृह भरलं होतं. आधी हळदीकुंकू, मग पैठणीचा खेळ, मग चमचा-लिंबू, आणि सगळ्यात शेवटी महिला दिन म्हणून मी. व्यासपीठावर सात पुरुष आणि एक मी. प्रत्येकाने आधी "माझ्या मागे माझी पत्नी उभी आहे" असं सांगितलं. एकाचीही पत्नी मागे नव्हती, खाली बसली होती.

मी उठले. म्हणाले, "वरच्या कोंडात एक कुशाबा आहे. अकरा बायकांनी तेरा दिवस चिखलात हात घातले, धुरात डोळे घातले. मुंबईच्या माणसाला जमलं नाही ते केलं. आणि पडद्यावर नाव कुणाचं आलं? कुशाबाचं. हा कुशाबा कधी चिखलात उतरला नाही. याने सुईत दोरा ओवला नाही. याला चोर म्हणायलाही मला लाज वाटते, कारण चोराला निदान भिंत चढावी लागते. हा अंगणात आडवा पडून राहिला, आणि अकरा जणींचं श्रेय आपणहून चालत त्याच्याकडे आलं."

टाळ्या पडल्या. खूप पडल्या. व्यासपीठावरच्या सातांनीही वाजवल्या. हा कुशाबा आपण नव्हे, एवढी त्यांची खात्री होती.

एक गोष्ट मनाला लागली. तिसऱ्या रांगेत एक म्हातारी होती, हिरवं लुगडं, कपाळ मोकळं. मी "आडवा पडून राहिला" म्हणाले तेव्हा ती उठली आणि चालू लागली. तिच्यामागे सगळी रांगच उठली, आठ-दहा जणी. शब्द फार खोल गेले असणार. आपलं दुःख कुणीतरी पहिल्यांदा उच्चारलं की माणसाला बसवत नाही. किंवा कोंडाची शेवटची जीप असेल.

आता तुझ्या कागदावर त्या कुशाबाचं नाव खोड आणि खुशाल ठसा मार. चिकटपट्टी लागली तर कळव.

प्रियदर्शिनी मावशी


गोरेगाव, १५ मार्च

मावशी,

जीप नव्हती.

तुझ्या भाषणाचा व्हिडिओ कुणीतरी अंकिताला पाठवला. तिने कोंडातल्या शाळेच्या शिक्षिकेकरवी राहीबाईला फोनवर गाठलं. कुशाबा हा राहीबाईचा नवरा. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली. हिरवं लुगडं, मोकळं कपाळ, ती राहीबाई. तू पोलादपूरच्या सगळ्या तालुक्यासमोर एका मेलेल्या माणसाला चोराहून खालचा ठरवलंस, आणि त्याची बायको तिसऱ्या रांगेत बसून ऐकत होती. "अंगणात आडवा पडून राहिला" म्हणालीस ना? त्याला शेवटचं त्याच अंगणात ठेवलं होतं.

तू आमच्या स्टिकरवर हसलीस. चालेल. पण तू काय केलंस? एक माणूस न बघता त्याच्या कपाळावर शिक्का मारलास. आमचा ठसा निदान कागद तपासून मारतात.

आणखी एक. तुझी व्याख्यानमाला बावीस वर्षं चालू आहे. पत्रिका माझ्याकडे येते. शेवटच्या ओळीत दरवर्षी छापलेलं असतं, 'चहापान : महमूदभाई यांच्या सौजन्याने'. महमूदभाई चौदा वर्षं कुवेतला आहेत. समोरच्या त्यांच्या टपरीत चहा कोण करतं, दोनशे कप कोण उचलतं, तू बोलत असताना दाराशी कोण उभं असतं? तिचं नाव सांग. पत्राची वाट बघते.

आणि वर जा. जीप मिळत नसेल तर गुडघ्यावर जा.

अनुपमा


महाड, २३ मार्च

अनुपमा,

तिचं नाव खतीजा. मला विचारावं लागलं. तिने आधी विचारलं, "काय झालं बाई, चहात काही पडलं का?" बावीस वर्षांत मी तिला फक्त साखर कमी घाल म्हणाले होते. माझ्याबद्दल जे काही वाईट विशेषण तुझ्या मनात असेल, ते मी आधीच वापरून पाहिलंय. पुरेसं पडलं नाही.

काल वर गेले. सयाजीने पुढच्या सीटवर बसवलं. कोंडाशी उतरवताना म्हणाला, "बाई, मी हसलो ते आमच्यात बोलन्याची रीत म्हून हसलो. तुमी ते माईकवर न्याल हे वाटलं नाय."

राहीबाई अंगणात तांदूळ पाखडत होती. बाकीच्या जणी एकेक करून आल्या आणि ओटीवर बसल्या. मी उभीच. म्हणाले, "मी चुकले. न विचारता बोलले."

ती सूप खाली न ठेवता म्हणाली, "बसा. चा घ्या. बिनसाखरेचा हाय, तुमाला गोड चालत नसंल."

कुणीतरी हसलं. मी बसले.

"बाई, त्यानं आयुष्यात माझ्या ताटातल्या भाकरीला हात लावला नाय," ती म्हणाली. "आजारी पडला तवा पन मी जेवल्याबिगर जेवायचा नाय. त्याला तुमी चोर म्हनलात. चोर पन नाय म्हनलात, त्याच्या खालचा म्हनलात. आता आमी कुठं जाऊन सांगायचं, तो तसा नव्हता म्हून? आमाला माईक कोन देतो?"

मी अर्धा कप चहा संपवला.

मग विचारलं, "पण तुम्ही नाव त्यांचं का दिलंत?"

तिने सूप ठेवलं. माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी वर्गात मागच्या बाकाकडे पाहत असे.

"तुमी लावणी केलीय का कधी?"

"नाही."

"मग तुमाला कसं कळनार. लावणी सावडीची असते. आज माझ्याकडं समद्या, उद्या हिच्याकडं समद्या. माझ्याकडं असली की म्हनायचं, आज कुशाबाकडची लावणी. तो मेला तरी तसंच म्हनतात. लुगडी माझ्या अंगनात केली, म्हून ते कुशाबाकडचं काम. रितेश आला, म्हनाला आजी, एकच नाव पायजे, जागा एकच हाय. मी माझं दिलं असतं तर ह्या दहा जनींनी काय माशा मारल्या? हिचं दिलं तर ती फुगनार. म्हून आमी बसून ठरवलं, कुशाबाचं देऊ. मेलेल्या मानसाचा हेवा कोन करनार? भांडान नाय, तंटा नाय."

"पण मग तुमचं नाव कुठेच आलं नाही."

"आमचं नाव कुठं येतं, बाई? रेशनला येतं, ते पन पुसलेलं."

मी अंकिताचा निरोप सांगितला, तुझा ठसा सांगितला, पाच सेकंद सांगितले. तुझ्या बाजूने बोलले, अनुपमा, आणि मनापासून बोलले. म्हणाले, राहीबाई, तुमचं एकटीचं नाव घाला. सुरुवात तुमच्यापासून होईल.

ती म्हणाली, "अकरा लिवा. नायतर कुशाबा ऱ्हाऊ दे."

बाकीच्या दहा जणींपैकी एकीनेही "नको गो, तुझंच घाल" असं म्हटलं नाही. मला ते आवडलं. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

मग मी वही काढली. नावं विचारली. पहिली म्हणाली, "पांडूची बायको." दुसरी, "काशीरामची आई." तिसरी, "लिवा, किशोरची चुलती." मी म्हणाले, तुमची स्वतःची सांगा. तेव्हा ओटीवर गलका झाला. पांडूची बायको विचारात पडली. म्हणाली, "बाई, कंचं लिवू? माहेरचं सरसोती, सासरचं यमुना." मी म्हणाले, जे आवडतं ते. ती म्हणाली, "आवडायचं काय त्यात. सरसोती लिवा. यमुना म्हनून हाक मारनारी सासू मेली." सगळ्यात म्हातारीला स्वतःचं नाव सांगायला थोडा वेळ लागला. दुसऱ्या कुणीतरी ते आठवून सांगितलं. अकरा नावं सोबतच्या कागदावर आहेत. मी तपासून लिहिली आहेत. प्रत्येकीला वाचून दाखवली आहेत.

निघताना राहीबाईने माझा पदर दोन बोटांत धरला. म्हणाली, "ह्यो काठ इथंच विरलाय. उजव्या हाताकडं. भाषन करताना मुठीत धरून आवळता नं?" मी पाहिलं. खरंच होतं. "बाकी लुगडं कोरं हाय," ती म्हणाली, आणि सोडून दिलं.

प्रियदर्शिनी मावशी


गोरेगाव, १ एप्रिल

मावशी,

नावं मिळाली. दोनदा वाचली.

काल समितीत ठेवली. समितीत पाच जण आहेत, त्यात तीन बायका. आमच्याच नियमात आम्ही कसेबसे बसतो. एक जण म्हणाले, वेशभूषेला अकरा प्रमुख कसे असतील, उद्या कुणी साठ नावं आणेल. दुसऱ्या बाई म्हणाल्या, फॉर्मवर चौकट एकच आहे आणि संगणक दुसरं नाव घेत नाही. संगणकापुढे सगळ्यांनी हात टेकले. अर्धा तास मी भांडले. शेवटी तोडगा निघाला, 'राहीबाई व इतर'. पहिलं नाव बाईचं म्हणून खातं बाईचं धरतील. चार होतील आणि ठसा मिळेल.

मला हा तोडगा आवडलेला नाही. पण पहिल्याच वर्षी, जिच्या कामामुळे हे सगळं सुरू झालं तिलाच ठशाबाहेर ठेवायचं का? मी राहीबाईला वेगळं पत्र पाठवते आहे. तू मध्ये बोलू नकोस. त्यांनाच ठरवू दे.

अनुपमा


वरचा कोंड, ७ एप्रिल

अनुपमाताई,

सासूबाई सांगतात तसं मी, त्यांची सून, लिहिते आहे. त्या म्हणाल्या, एक शब्द बदलायचा नाय.

पोरी, तुझं पत्र आलं. सगळ्यांसमोर वाचलं. तू चांगली हायस, तुझ्या अक्षरावरनं कळतं. तुझी मावशी पन वाईट नाय, तिला बसायला शिकवलं पायजे.

व इतर म्हंजे कोन गो? मी इचारलं, तर सून म्हनते बाकीच्या. मी म्हनलं बाकीच्या म्हंजे कोन? सरसोतीनं चाळीस लुगडी धुरावर धरली, तिचे डोळे चार दिवस उघडत नव्हते. ती व इतर हाय का? ठिगळं म्हातारीनं लावली. तिचे हात कापतात म्हून टाके वाकडे आले, आन तेच खरे वाटले तुमच्या सिनेमाला. ती व इतर?

कुशाबाच्या नावात आमी समद्या व्हतो. तुझ्या 'राहीबाई व इतर'मदी मी एकटी हाय आन बाकीच्या दाराबाहेर. हे त्यापरीस वाईट.

तुझ्या कागदावर जागा नसंल तर कागद मोठा आन. आमच्याकडं खाचर लहान पडलं की बांध सरकवतात, मानसं कमी करत नायत.

ठसा नको. अकरा नावं कुठं बसत असतील तर बघ. नायतर ऱ्हाऊ दे.

राहीबाई
सरस्वती
आणि ज्यांना सही येते त्यांच्या सह्या खाली आहेत, बाकीच्यांचे अंगठे.


गोरेगाव, २८ एप्रिल

मावशी,

राहीबाईचं पत्र मी समितीत वाचून दाखवलं. खाली सात अंगठे होते. आमच्या संस्थेचं चिन्ह काय आहे, ते तुला सांगायचं राहिलं होतं. अंगठ्याचा ठसा. टेबलावर दोन्ही शेजारी शेजारी पडले होते, आणि कुणाच्याही चेहऱ्यावर काही हललं नाही. मतदान झालं. चौघं विरुद्ध मी.

'तिसरा उतार'ला ठसा नाही. या वर्षीचा पहिला ठसा दुसऱ्या चित्रपटाला गेला. त्यात वेशभूषाप्रमुख म्हणून निर्मात्याच्या पत्नीचं नाव आहे. त्या सेटवर एकदाच गेल्या होत्या, नवऱ्याच्या वाढदिवसाचा केक कापायला. पण बाई आहेत, एकच आहेत, आणि चौकटीत बसतात.

तू आता लिहिशील, "मी सांगितलं होतं." लिही. पण एक लक्षात ठेव. ठशाचा फॉर्म नसता तर कुशाबा कोण, हे कुणी विचारलं नसतं. तो पडद्यावर तसाच राहिला असता, तूही वर गेली नसतीस, आणि खतीजाचं नाव तुला अजून ठाऊक नसतं. म्हणून मी राजीनामा दिलेला नाही. पुढच्या वर्षीच्या फॉर्मचा मसुदा माझ्याकडे आहे. पहिली दुरुस्ती चौकटीची आहे. हरले तर परत मांडेन.

अंकिताने शेवटच्या श्रेयनामावलीत अकराही नावं घातली, तुझ्या कागदावरून जशीच्या तशी. जूनमध्ये ती चित्रपट पोलादपूरला दाखवणार आहे. जा.

अनुपमा


महाड, १३ जुलै

अनुपमा,

"मी सांगितलं होतं" असं मी लिहिणार नाही. मी जे जे सांगितलं होतं ते सगळं आठवतं, आणि त्यातलं निम्मं आता उच्चारवत नाही.

जूनमधल्या खेळाला गेले. शाळेच्या सभागृहात पांढरं कापड लावलं होतं. आठ मार्चचे सातही पुरुष पहिल्या रांगेत होते. बाकी चित्रपट तू पाहिला आहेसच. शेवट झाला, दिवे लागले, आणि नावं सुरू झाली तेव्हा अर्धं सभागृह चपला शोधत होतं. पहिली रांग सगळ्यात आधी उठली. मी भाषण करणार नव्हते. पण उठून दाराशी गेले आणि दार लावलं. म्हणाले, "बसा." एकतीस वर्षांचा आवाज अजून चालतो. त्यातले तिघे माझेच विद्यार्थी, ते तर हातात चपला घेऊन बसले.

अकरा नावं नऊ सेकंद दिसली. मोजली मी. तुमच्या ठशापेक्षा चार सेकंद जास्त. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी राहीबाईची सून मोठ्याने वाचत होती. सगळ्यात म्हातारीचं नाव आलं तेव्हा ती शेजारणीला म्हणाली, "कोन गो ही?" शेजारीण म्हणाली, "तूच." ती म्हणाली, "बरं."

त्याआधी मी दोन मिनिटं घेतली होती, खेळ सुरू व्हायच्या अगोदर, माईकशिवाय. त्याच लोकांसमोर सांगितलं, की कुशाबा हा भला माणूस होता, आणि मी न बघता बोलले. टाळ्या पडल्या नाहीत. असल्या वाक्याला कुणी टाळ्या देत नाही, म्हणून ते कुणी बोलत नाही. राहीबाई तिसऱ्या रांगेत होती. उठली नाही.

यंदाच्या व्याख्यानमालेची पत्रिका सोबत पाठवते. शेवटची ओळ वाच. 'चहापान : खतीजा'. तिला दाखवली, तर म्हणाली, "सौजन्य काढलं ते बरं केलं बाई, ते मला कधी परवडलंच नाही." नवऱ्याला, महमूदभाईंना, कुवेतला फोटो पाठवला तिने. ते रागावले की नाही, हे मी विचारलं नाही. त्यांचं ते पाहतील.

आणि मुख्य गोष्ट. काल पोलादपूरच्या स्टँडवर सयाजीची जीप उभी होती, रिकामी. मी विचारलं, आज कोंडातून कुणी खाली आलं नाही का? तो म्हणाला, "नाय बाई. समद्या बाया राहीकडं. राहीकडची लावणी हाय आज."

मला वाटलं, याच्याकडून चुकून निघालं. म्हणून मुद्दाम विचारलं, "कुशाबाकडची ना?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. याच माणसाने फेब्रुवारीत मला नाव दिलं होतं, हसून. आता त्याला माझी कीव आली असावी.

"कुशाबाकडची कशी असंल, बाई," तो म्हणाला. "तो नऊ वर्सांमागंच वारला नव्हं का."

प्रियदर्शिनी मावशी